पाणी आणायला गेलेला

आमच्या गावात युद्धात जाऊन आलेल्या म्हाताऱ्यांचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारचे चर्चसमोरच्या खानावळीत बसून आपण का हरलो ते सांगतात. थंडीनं हरलो, चिखलानं हरलो, पेट्रोल संपलं म्हणून हरलो, वरच्यांना अक्कल नव्हती म्हणून हरलो. रशियन सैन्यानं आपल्याला हरवलं, असं त्यांच्या तोंडून मी आजवर ऐकलेलं नाही. एकदा मी विचारलं, "चव्वेचाळीसच्या जूनमध्ये कसली रे थंडी?" तर महिनाभर माझ्याबरोबर कुणी पत्ते खेळलं नाही. दुसऱ्या प्रकारचे म्हातारे काहीच बोलत नाहीत. मी दोन्हींत बसत नाही. मी अठ्ठेचाळीस वर्षं एकाच घरात, वर्षातून एकदा, एकच गोष्ट सांगत आलो, आणि ती खोटी होती.

जर्मन सैन्यात मी आमच्या कंपनीचा कारकून होतो. अक्षर चांगलं म्हणून नेमलेला. रोजचा अहवाल लिहायचा, वर पाठवायचा. त्यात 'मागे हटलो' असं लिहायची बंदी होती. 'आघाडी सरळ केली' असं लिहायचं. अशी वर्षभर आघाडी सरळ करत करत आम्ही पाचशे किलोमीटर मागे आलो. येताना गावं जाळली, गुरं हाकून आणली, आणि मागून येणाऱ्या रशियनांना पाणी मिळू नये म्हणून विहिरींत मेलेली जनावरं टाकली. तेही मीच लिहायचो. 'घरे अडतीस, जाळली. विहिरी चार, निकामी केल्या.' त्या घरांतली माणसं कुठे गेली, हे लिहायला रकाना नव्हता, आणि मीही तो कधी मागितला नाही.

दुसरं काम मेलेल्यांचं. प्रत्येकाच्या गळ्यात पत्र्याचा एक लांबट बिल्ला असायचा. दोन्ही अर्ध्यांवर तोच नंबर, मधे भोकांची रेघ. माणूस मेला की खालचा अर्धा तोडून माझ्याकडे यायचा, वरचा त्याच्याबरोबर मातीत जायचा. मग मी घरच्यांना पत्र लिहायचो. मजकूर ठरलेला होता, फक्त नाव बदलायचं. चव्वेचाळीसच्या जूनपर्यंत मी एकसष्ट पत्रं लिहिली होती. एकसष्टच्या एकसष्ट जणांना गोळी छातीत लागली होती आणि एकालाही काही दुखलं नव्हतं.

आर्नो लोट्झ माझ्याच गल्लीतला. त्याचं घर आमच्यापासून तिसरं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण जिभेला हाड नाही. कंपनीत तो मला शाईबुवा म्हणायचा. "काय शाईबुवा, आज आपण किती शूरपणे पळालो, लिहिलंत का?" सगळ्यांदेखत विचारायचा. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं, कारण गावची बोली बोलणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं.

अठ्ठावीस जूनला आम्ही बेरेझिना नदीच्या अलीकडे एका जळक्या गावात होतो. तिन्ही बाजूंनी रशियन रणगाडे, समोर एकच पूल. आर्नोच्या मांडीत आणि उजव्या हातात तोफगोळ्याचे तुकडे घुसले होते, हात कोपराखाली मोडलेला. आम्ही चौघं त्याला झोळीतून आणत होतो. दोघांनी वाटेत झोळी टाकली आणि गेले. तिसरा म्हणाला, "मी जरा पुढे बघून येतो." तो अजून बघतोच आहे. मी आर्नोला एका भिंतीच्या सावलीला ठेवलं. तो बेशुद्ध होता, तोंड पांढरं पडलेलं. लेफ्टनंट ओरडत गेला, "चालता येईल त्यांनी चला. पूल वीस मिनिटांत उडवणार."

नियम असा होता की जखमी माणूस मागे सोडला तर का सोडला ते लिहून द्यायचं. मेलेल्याचं काही द्यावं लागत नसे. मी त्याच्या गळ्यातला बिल्ला धरला आणि तोडला. टक् झालं. एवढासाच आवाज होता. मी स्वतःला सांगितलं, संध्याकाळपर्यंत मरणारच आहे, उद्याचं काम आज.

आणि त्या आवाजानं आर्नो जागा झाला.

"पाणी," तो म्हणाला.

"आणतो," मी म्हणालो. अर्धा बिल्ला मुठीत होता. मी त्याची पाण्याची बाटली उचलली आणि गावच्या विहिरीकडे गेलो. खरंच गेलो. शंभर पावलं तरी मी पाणी आणायलाच चाललो होतो, ही माझ्या आयुष्यातली शेवटची शंभर चांगली पावलं. विहिरीत वाकून पाहिलं तर आत घोडा. फुगलेला, पाय वर. मग आठवलं, ही विहीर क्रमांक चार. परवा मीच लिहिली होती, छान अक्षरात.

पलीकडे नदी होती. तिच्यात हवं तेवढं पाणी होतं. मी ती ओलांडली.

आठवड्यानं बासष्टावं पत्र लिहिलं. छातीत गोळी, वेदना नाहीत. हे पत्र मी जाणूनबुजून लांबवलं. 'मी स्वतःच्या हातांनी त्याला बर्चच्या झाडाखाली पुरलं,' असं लिहिलं. कारण आर्नोच्या आईला मी लहानपणापासून काकू म्हणत होतो आणि तिच्या हातचं जेवलो होतो.

पंचेचाळीसच्या शरदात मी अमेरिकनांच्या कैदेतून घरी आलो. आई दारात रडली, आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "लोट्झकाकूंकडे जाऊन ये." मी गेलो. काकूंनी मला आर्नोच्या खुर्चीवर बसवलं. खिडकीजवळची, हाताच्या दांड्यावर त्यानं चाकूनं नक्षी कोरलेली. म्हणाल्या, "सांग." मी सांगितलं. बर्चचं झाड, काठ्यांचा क्रूस, त्यावर टांगलेलं हेल्मेट. पुढच्या वर्षी चंडोल पक्षी घातले. त्याच्या पुढच्या वर्षी एक प्रार्थना. नोव्हेंबरात आमच्याकडे मृतांचा रविवार असतो, कबरींवर फांद्या घालायच्या, मेलेल्यांची आठवण काढायची. काकूंना कबर नव्हती, म्हणून त्या दिवशी त्या मला बोलवायच्या. सफरचंदाचा केक, कॉफी, ती खुर्ची, आणि "सांग."

गावात ज्यांची मुलं नुसती बेपत्ता होती, त्या आया गाडी आली की स्टेशनवर फोटो घेऊन उभ्या राहायच्या. काकू त्यांना सांगायच्या, "माझं तरी बरं. मला कळलं. एवाल्डनं त्याला माती दिली." हे ऐकलं की मला वाटायचं, बघा, खोटं असलं तरी कुणाचं तरी भलंच झालं ना? माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो. आम्ही जर्मन तर त्यात पटाईत.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभलं असतं. पण सेहेचाळीसच्या त्या रविवारी झाउअर आला.

झाउअर पलीकडच्या खोऱ्यातला. रशियनांनी आजारी कैदी म्हणून सोडलेला, अंगावर नुसती हाडं, डोक्यावर केस नाहीत. काकूंच्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "मी तुमच्या आर्नोबरोबर कैद्यांच्या इस्पितळात होतो. त्याचा पाय कापला होता. गेल्या वर्षी मार्चमध्ये गेला. त्यानं निरोप दिलाय." काकू पांढऱ्याफटक पडल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवाल्ड, हा काय म्हणतोय रे?" खुर्चीवर मी होतो, तोंडात केक होता.

त्या काळी असे भामटे खूप फिरायचे. वर्तमानपत्रातल्या यादीत नाव बघायचं, घरी जायचं, तुमचा मुलगा माझ्याजवळच होता म्हणायचं, आणि मांसाचा तुकडा, दोन अंडी घेऊन पसार व्हायचं. मला फक्त त्याला त्यांच्यातला एक ठरवायचं होतं. मी केक गिळला आणि म्हणालो, "काकू, हा दुसरा कुणी लोट्झ असेल. नाहीतर हा सरळ खोटं बोलतोय. आर्नोला मी या हातांनी पुरलंय." हात पुढे करून दाखवलेसुद्धा.

आर्नोची बहीण हेड्विग तेव्हा एकोणीस वर्षांची होती. काकूंनी झाउअरच्या हातात आधीच डुकराच्या खारवलेल्या मांसाचा तुकडा ठेवला होता. तो तिनं हिसकावून घेतला. "मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खायला आलास?" म्हणाली आणि कुत्रा सोडला. झाउअर पळाला नाही, त्याला पळता येतच नव्हतं. तो माझ्याकडे बघत बघत मागे मागे सरकत गेला. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. वाटलं, भूक असेल. पुढे दोन्ही खोऱ्यांत त्याचं नाव 'झाउअर लबाड' पडलं, आणि त्याला सुतारकीचं काम मिळायला फार वर्षं लागली, असं ऐकून होतो.

काकू एकाहत्तर साली गेल्या. मरताना माझा हात त्यांच्या हातात होता. नंतर तो रविवार हेड्विगनं चालू ठेवला. तिनं लग्न केलं नाही, त्याच घरात राहिली, केक मात्र आईपेक्षा गोड करते.

या वर्षी, म्हणजे त्र्याण्णवच्या नोव्हेंबरात, रविवार यायच्या दहा दिवस आधी ती माझ्याकडे आली. भर दुपारी, हातात लिफाफा. मी बटाटे सोलत होतो.

"सोल तू," ती म्हणाली, "मी वाचते."

आता रशियनांची दफ्तरं उघडली आहेत, आणि आपल्याकडची एक संस्था तिथल्या कबरी शोधते. त्यांचं पत्र होतं. एका इस्पितळामागची कबर, त्यात एक पाय नसलेला सांगाडा. इस्पितळाच्या वहीतलं नाव आर्नो लोट्झ, जन्म १९२२. मृत्यू ९ मार्च १९४५. सोबत एक फोटो होता. त्यात वरचा अर्धा बिल्ला.

माझ्या हातातला बटाटा बादलीत पडला. हेड्विग माझ्याकडे न बघता, टेबलावरचा कागद सरळ करत म्हणाली, "मी खूप विचार केला, एवाल्ड. तुझ्या पत्राबरोबर खालचा अर्धा आला होता. तो तू मेलेल्याच्या गळ्यातून काढला नाहीस, हे उघड आहे. म्हणजे आर्नोनंच तोडून दिला असेल ना? तू जा म्हणाला असेल. आईला वर्षानुवर्षं वाट बघायला लागू नये म्हणून. त्याचा स्वभावच तसा होता. आणि तू त्याला वचन दिलं असशील."

म्हातारपणी देवानं अशी पळवाट समोर आणून ठेवावी आणि तीही तिच्या हातून. मला एक शब्दही बोलावा लागणार नव्हता.

मी मान हलवली.

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि रडली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "एवढी वर्षं एकटा वाहत आलास." त्या हातानं वाटली तेवढी लाज मला आयुष्यात कशानंच वाटलेली नाही. विहिरीतल्या घोड्यानंही नाही.

डोळे पुसून ती म्हणाली, "पण मग झाउअर खरं बोलत होता. तो आहे अजून, वृद्धाश्रमात. मी त्याच्या हातातलं मांस हिसकावलं होतं. मला माफी मागायची आहे. आणि तूही चल. वचनापायी तुला त्याला खोटं पाडावं लागलं, हे तूच सांग."

मी म्हणालो, "गुडघा दुखतोय."

"गाडी मी चालवणार आहे. तुझा गुडघा मागे बसेल," ती म्हणाली.

वृद्धाश्रमाच्या जेवणघरात दुपारच्या कॉफीची वेळ होती. वीसेक म्हातारे-म्हाताऱ्या. झाउअर कोपऱ्यात, एकटाच, समोर बशी. आता अंगानं भरलेला, पण डोळे तेच. कानाला यंत्र होतं. हेड्विगनं त्याच्यासमोर पिशवी ठेवली. आत कागदात गुंडाळलेला खारवलेल्या मांसाचा मोठा तुकडा होता.

"मी लोट्झांची हेड्विग," ती मोठ्यानं म्हणाली. "सेहेचाळीस साली तुमच्या हातातून हे काढून घेतलं होतं."

त्यानं कागद उघडून पाहिलं. "त्या वेळचा तुकडा लहान होता," तो म्हणाला. "आता मला दात नाहीत, बाई. पण असू द्या."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आणि हे? हेच ना शाईबुवा?"

हे नाव मी अठ्ठावीस जूननंतर ऐकलं नव्हतं. मी खुर्ची ओढून बसलो. हेड्विगनं विचारलं, "शाईबुवा कोण?"

"तुमचा भाऊ असंच म्हणायचा. आठ महिने बाजूच्या फळीवर होता माझ्या, पाय कापला तरी जीभ चालूच. गावच्या शाईबुवाच्या गोष्टी सांगायचा. म्हणायचा, 'मला पाणी हवं होतं, उजवा हात मोडलेला, मला उठता येईना, तर हा एकटा मागे थांबला. बाकी सगळे पळाले. हा पाणी आणायला गेला आणि परत आला नाही. रशियनांनी मारलं असणार. माझ्यापायी गेला बिचारा.'"

हेड्विगनं हळूच विचारलं, "उजवा हात मोडलेला?"

"मोडलेला म्हणजे लोंबत होता. पुढे वाकडा जुळला. चमचासुद्धा मी धरायचो," झाउअर म्हणाला. "निरोप होता तो दोन घरांना होता, बाई. एक तुमच्या आईला, की मी आठ महिने जगलो आणि एका रशियन नर्सनं मला मुलासारखं जपलं. दुसरा एवाल्डच्या आईला, की तुमचा मुलगा माझ्यासाठी मेला, आता माझी आई तुम्हाला सांभाळेल. तो निरोप घेऊन मी तुमच्या घरी आलो. एवाल्डच्या आईचं घर कुठलं, हे तुमच्या आईला विचारणारच होतो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, 'एवाल्ड, हा काय म्हणतोय रे?' आणि खुर्चीवर केक खात बसलेला माणूस बोलायला लागला. मेलेला माणूस मला लबाड म्हणत होता. मी काय बोलणार?"

हेड्विगनं माझ्याकडे पाहिलं. एका हातानं पत्रा तुटत नाही, हे कुणालाही कळतं. मी म्हणालो, "बिल्ला मी तोडला."

झाउअरनं कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोला. हे यंत्र भंगार आहे."

"बिल्ला मी तोडला," मी म्हणालो.

"अजून."

मग मी ओरडलो. सगळ्या जेवणघराला ऐकू जाईल असा. "तो जिवंत होता. मी बिल्ला तोडला आणि पाणी आणतो म्हणून पळालो. तुम्ही खरं बोलत होता. खोटं मी बोललो." चमचे थांबले. एक म्हातारी तेवढी कॉफी ढवळत राहिली, तिला बहुधा तेही ऐकू आलं नव्हतं.

झाउअर मान हलवत होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, रागही नव्हता. फार वर्षं अडकलेला खिळा निघाल्यावर सुतार बघतो तसा तो बघत होता. "विहीर नव्हती का तिथे?" त्यानं विचारलं.

"होती. आम्हीच नासवली होती."

"हां," तो म्हणाला. "त्या नर्सच्या गावातल्याही नासवल्या होत्या. पाणी ती दोन कोसांवरून आणायची. त्याला पाजायला."

परतीच्या वाटेवर मी मागे बसलो होतो, मला तिचं डोकं तेवढं दिसत होतं. माझ्या दाराशी गाडी थांबवून ती म्हणाली, "आई तुझा हात धरून मेली." एवढंच. मी उतरलो.

पुढचे दहा दिवस मी घराबाहेर पडलो नाही. खानावळीत बातमी पोचली होती. पहिल्या प्रकारच्या म्हाताऱ्यांपैकी एकजण खिडकीशी येऊन म्हणाला, "हे काढायची काय गरज होती? सगळ्यांकडूनच काही ना काही झालंय." मी त्याच्या तोंडावर खिडकी लावली. सगळ्यांकडून झालं म्हणून तर आजवर कुणालाच बोलावं लागलं नव्हतं.

रविवारी दुपारी हेड्विगनं शेजारच्या मुलीकडून सांगावा धाडला, तीन वाजता ये. मला वाटलं, माझं ते पत्र परत देईल, किंवा अर्धा बिल्ला. मी काळा कोट घालून गेलो. केक होता. टेबलावर तीन कप होते. खिडकीजवळच्या खुर्चीवर झाउअर बसला होता, हाताच्या दांड्यावरचं कोरीवकाम बोटानं चाचपत. माझा कप दाराजवळच्या बाकाशी ठेवला होता, जिथे पूर्वी सरपण आणणारा बसायचा.

मी बाकावर बसलो. हेड्विगनं कॉफी ओतली आणि आईसारखंच म्हणाली, "सांग."

मी पहिल्यापासून सांगायला लागलो, झाउअरला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात. या वेळी त्यात बर्चचं झाड नव्हतं.